पीचवर तीन आठवडे, हस्तिदंतीवर पाच मिनिटं: एका लग्नाच्या फुलांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

लग्नाला तीन महिने असताना नवरी मुलगी आणि तिची आई माझ्याकडे आल्या. मागणी दोन शब्दांत सांगून झाली: पीच आणि आयव्हरी. नवरीचा पोशाख हस्तिदंती रेशमाचा होता, नवऱ्याचा कोट गडद निळा. समारंभ दुपारी चारला आणि जेवणं दिवेलागणीनंतर. जागा एकच, एक मोठा हॉल. त्याच्या एका अंगाला जमिनीपासून छतापर्यंत खिडक्या, आणि मागच्या बाजूला एक आतला भाग, जिथे एकही खिडकी नाही. १४ टेबलांपैकी ९ खिडक्यांच्या बाजूला लागणार होती, ५ आत. या शिवाय स्टेजमागे फुलांची भिंत, आतल्या भागाच्या तोंडाशी कमान, नवरीच्या हातातला गुच्छ आणि नवऱ्याच्या कोटावरचं फूल.

घरच्यांना विचारून हे लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. लिहायचं कारण एवढंच की या कामात मी वेळ चुकीच्या रंगावर घालवला, आणि तीच चूक करताना मी इतरांनाही पाहते.

तीन पीच

पहिल्याच भेटीत टेबलावर तीन पीच आले. मुलीच्या फोनमधला फोटो, आईच्या पर्समधला कापडाचा तुकडा आणि छापून आलेली पत्रिका. तिन्ही खिडकीपाशी नेऊन शेजारी ठेवले, तर फोटो गुलाबीकडे झुकलेला, कापड नारिंगीकडे आणि पत्रिका जवळजवळ बदामी. तिघींच्या मते आपण एकाच रंगाबद्दल बोलत होतो.

यात कुणाचं चुकलं नव्हतं. दुधी, मोतिया, हस्तिदंती असे पांढऱ्याचे पोटभेद मराठी माणसाला फार आधीपासून ठाऊक आहेत. पीच मात्र उसना आलेला शब्द, त्यामुळे ज्याने तो जिथे पहिल्यांदा पाहिला तिथला रंग त्याच्या मनात बसतो. रंगांना क्रमांक देणाऱ्या पँटोन कंपनीने २०२४ साठी ‘पीच फझ’ हा वर्षाचा रंग जाहीर केला, क्रमांक १३-१०२३, तेव्हापासून काही जण थेट क्रमांक घेऊन येतात. कापड रंगवायला किंवा पत्रिका छापायला क्रमांक उपयोगी पडतो. गुलाबाला पडत नाही, कारण एकाच फुलात बाहेरची पाकळी हिरवट मलईसारखी, मधली फिकी आणि गाभा गडद असतो. शिवाय कळी असताना दिसणारा रंग फूल उमलल्यावर बराच फिका होतो.

कापड, फोटो की पत्रिका यावर आमचे तीन आठवडे गेले. शेवटी आईचं कापड ठरलं. आणि हस्तिदंती? त्यावर कुणीच काही बोललं नाही. मी म्हणाले, “ऑफव्हाइट गुलाब घेऊ, वेंडेला चांगला दिसेल.” दोघींनी मान डोलावली. पाच मिनिटांत विषय संपला.

अडचण कशी समोर आली

लग्नाच्या सात आठवडे आधी हॉलवर एका टेबलाची नमुना रचना मांडून दाखवली. सगळ्यांना सोयीची म्हणून संध्याकाळची वेळ घेतली होती. हॉलचं नेहमीचं पांढरंशुभ्र टेबलक्लॉथ, वर पीच गुलाब, हस्तिदंती गुलाब आणि निलगिरीची पानं. पिवळसर दिव्यांखाली ती रचना इतकी सुरेख दिसली की आई बराच वेळ नुसती पाहत उभी राहिली. मंजुरी तिथेच मिळाली. निघताना मी रचना त्यांच्यासोबत घरी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंचा फोन आला.

“अगं, काल ही पांढरी फुलं होती ना? आज पिवळी कशी पडली?”

मी उत्तर दिलं, “काकू, रात्रभर प्रवास झालाय, सुकायला लागली असतील.” हे उत्तर मी न बघता दिलं, आणि ते चूक होतं. दुपारी त्यांच्या घरी गेले तर फुलं टवटवीत होती. पाकळीच्या कडा घट्ट, देठ कडक. रचना खिडकीपाशी एका पांढऱ्या चादरीवर ठेवलेली होती, आणि खरंच वेंडेला मळल्यासारखा दिसत होता. मी चादर काढून खाली आईंची जुनी, न रंगवलेली सुती ओढणी पसरली. तीच फुलं पुन्हा हस्तिदंती झाली. काकूंनी दोनदा चादर घालून-काढून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

कारण कापडात होतं. बाजारातल्या बहुतेक पांढऱ्याशुभ्र कापडांत आणि कपडे धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी रसायनं असतात. ती दिवसाच्या उजेडातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि त्या बदल्यात निळसर प्रकाश बाहेर टाकतात. म्हणून कापड ‘पांढऱ्याहून पांढरं’ दिसतं. साध्या काचेतूनही या किरणांचा बराच भाग आत येतो. शेजारी हस्तिदंती फूल ठेवलं की डोळा त्या निळसर पांढऱ्यालाच पांढरं मानतो आणि फूल पिवळं वाटू लागतं. हॉलमधल्या एलईडी दिव्यांतून अतिनील किरण जवळजवळ निघतच नाहीत, त्यामुळे संध्याकाळी ही रसायनं निपचित पडून होती. आम्ही नमुना नेमका त्याच उजेडात पाहिला होता जिथे दोष लपतो. आणि समारंभ दुपारी चारला, खिडक्यांसमोर!

शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला भासणं ही गोष्ट नवी नाही. पॅरिसच्या गोबलँ या विणलेली भित्तिचित्रं बनवणाऱ्या कारखान्यात रंगाई खात्याचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. १८३९ साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. मी फुलांचं शिक्षण घेताना हे वाचलेलं होतं. तरी काकूंच्या चादरीवर दिसेपर्यंत ते मला कामाला आलं नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काकूंनी सुचवला: हस्तिदंती सोडून शुद्ध पांढरी फुलं घ्यायची. टेबलांवर ते जमलं असतं. पण नवरी हस्तिदंती रेशमात उभी राहणार आणि मागे पांढऱ्या फुलांची भिंत! मग फुलांऐवजी पोशाख मळका दिसला असता. हा पर्याय मी तिथेच खोडला.

दुसरा पर्याय रंगवलेल्या किंवा कापडी फुलांचा. रंग हवा तसा मिळतो, दिवसभर बदलत नाही. भिंतीसाठी मी त्यावर खरोखर विचार केला. पण कापडी पाकळीतून उजेड आरपार जात नाही. खऱ्या पाकळीच्या पातळ कडेतून खिडकीचा उजेड झिरपतो आणि पीचला जी ऊब येते, ती कापडात येत नाही. गुच्छ खरा आणि भिंत कापडी असती तर दोन्ही शेजारी आल्यावर फरक डोळ्यांत खुपला असता.

तिसरा, एकाच पीच जातीचा गुलाब सगळीकडे वापरायचा. बहुतेकांना ‘मॅचिंग’ म्हणजे हेच वाटतं. माझा याला विरोध असतो. एकच छटा सगळीकडे असली की दहा फुटांवरून ती सपाट दिसते, आणि माल थोडा वेगळा आला तर सगळंच फसतं.

चौथा पर्याय छटांच्या पायऱ्यांचा. हस्तिदंतीपासून सुरुवात करून फिका पीच, मग मधला, मग जर्दाळूकडे झुकणारा गडद. मध्ये दोन्ही रंग अंगात असलेलं फूल दुवा म्हणून. ज्युलिएट गुलाब या कामासाठीच जणू बनलाय: बाहेरच्या पाकळ्या मलईसारख्या, आत जर्दाळूचा दाट गाभा. गुलाबांच्या नव्या जाती घडवणारे इंग्लंडचे डेव्हिड ऑस्टिन यांनी १५ वर्षं खपून तयार केलेला हा गुलाब २००६ साली लंडनमधल्या चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात पहिल्यांदा दिसला. आईचं कापड या पायऱ्यांच्या मधोमध बसत होतं. एखादी पायरी थोडी सरकली तरी जिना मोडत नाही, हा याचा मोठा फायदा.

पाचवा पर्याय फुलांना हात न लावता भोवतालचं बदलण्याचा, म्हणजे टेबलक्लॉथ आणि दिवे.

आम्ही चौथा आणि पाचवा एकत्र घेतले. खर्च वाढणार होता तो फक्त टेबलक्लॉथचा. मुलीने विचारलं, “ताई, कापड बदलून एवढा फरक पडेल?” मी तिला काकूंच्या चादरीसमोर नेऊन उभं केलं. मग तिने पुढे काही विचारलं नाही.

काय केलं

आधी हस्तिदंती नक्की केलं. नवरीच्या पोशाखाच्या शिलाईतून उरलेली चार बोटं रुंद पट्टी मागून घेतली आणि तीच पायाची छटा मानली. पुढची प्रत्येक निवड त्या पट्टीशेजारी ठेवून केली, एकदा खिडकीपाशी आणि एकदा हॉलच्या दिव्याखाली. टेबलक्लॉथ न रंगवलेल्या सुती कापडाचं घेतलं आणि धुणाऱ्याला चमक आणणारी पावडर वापरू नका असं बजावलं.

दिवे ३००० केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे होते, ते तसेच ठेवले. स्टेजवरचे दोन जुने दिवे मात्र बदलायला लावले, कारण त्यांच्याखाली पीचचा लाल अंश मरून फूल राखट दिसत होतं. बऱ्याच दिव्यांच्या खोक्यावर सीआरआय असा आकडा छापलेला असतो. दिवा रंग किती खरे दाखवतो हे त्यावरून कळतं. १०० हा सर्वात वरचा आकडा. आम्ही ९० च्या वरचे दिवे मागितले.

पानांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. निलगिरीची निळसर राखाडी पानं पीचशेजारी आली की पीच जास्त नारिंगी वाटतो, कारण निळा आणि नारिंगी एकमेकांना उठाव देतात. पोपटी-हिरव्या पानांशेजारी तोच गुलाब गुलाबीकडे झुकतो. आमच्या कापडाची छटा आधीच नारिंगीकडे होती, म्हणून निलगिरी निम्म्याने कमी केली आणि तिच्या जागी गडद हिरवा रस्कस घेतला. नुसती पानं बदलून एक पायरी खाली येता येतं, आणि हे फुलं बदलण्यापेक्षा पुष्कळ सोपं असतं.

प्रमाण साधारण असं ठरलं: दहातली सहा फुलं हस्तिदंती, तीन पीच, एक गडद. हस्तिदंतीत वेंडेला आणि लिसियान्थस हे गुलाबासारखं दिसणारं फूल, पीचमध्ये दोन जातींचे मोठे गुलाब, दुव्याला ज्युलिएट, गडद पायरीला जर्दाळू रंगाचे स्प्रे गुलाब, म्हणजे एका देठावर अनेक लहान फुलं येणारे. मागणीपत्रात रंग लिहिला नाही, जातींची नावं लिहिली. ‘पीच गुलाब’ लिहिलं की समोरचा त्याच्या मनातला पीच पाठवतो.

पहाटे उघडलेले खोके

माल लग्नाच्या तीन दिवस आधी पहाटे आला. घट्ट कळीतला गुलाब नीट उमलायला दोन ते तीन दिवस लागतात, म्हणून हे अंतर ठेवलं होतं. पीचचे २४० मोठे गुलाब, २०-२० चे १२ बंच. माझ्या सहकाऱ्याने पहिलं खोकं उघडलं आणि तो गप्पच झाला. मग म्हणाला, “ताई, हे बघा.”

पाकळ्यांच्या कडांवर गुलाबी ओढ होती. जात तीच, चिठ्ठीवर नाव तेच. पण १२ पैकी ७ बंच कापडापेक्षा स्पष्ट गुलाबी होते. गुलाबातल्या पिवळ्या-नारिंगी छटा मुख्यतः कॅरोटिनॉइडमुळे येतात आणि गुलाबी-लाल छटा अँथोसायनिनमुळे. थंडीत वाढलेल्या फुलात अँथोसायनिन जास्त तयार होतं. एकाच जातीचं फूल दोन आठवड्यांच्या अंतराने वेगळं येऊ शकतं ते यामुळे. पाठवणाऱ्याची यात लबाडी नव्हती.

इथे ठरवायला फार वेळ नव्हता. परत पाठवावे तर बदली माल दोन दिवसांत येईल, म्हणजे आदल्या दिवशी, घट्ट कळ्यांत. सगळे मिसळून टाकावेत, असं सहकाऱ्याचं म्हणणं होतं. मला भीती होती की खिडकीच्या उजेडात गुलाबी आणि नारिंगी पीच शेजारी आले की दोन्ही एकमेकांना आणखी दूर ढकलतील.

मी एक गुलाबी फूल घेऊन हॉलच्या आतल्या भागात गेले. तिथे दिवस-रात्र फक्त पिवळसर दिवे. खिशातला काकूंच्या पीच कापडाचा तुकडा फुलाच्या गाभ्याशी धरला. दिव्याने फुलाच्या गुलाबी अंगात पिवळं मिसळलं होतं, आणि तुकडा व पाकळी यांतलं अंतर जवळजवळ मिटलं होतं. खिडकीपाशी हेच अंतर डोळ्यांत भरत होतं. तिथल्या तिथे ठरलं: ७ बंच आतल्या ५ टेबलांवर आणि तिथल्या कमानीला, उरलेले ५ बंच खिडकीच्या बाजूला. तिकडे जी तूट पडली ती स्प्रे गुलाब वाढवून आणि लिसियान्थस घालून भरली.

बाकीची तयारी नेहमीची. देठ दोन सेंटिमीटर तिरके कापले, पाण्यात बुडणारी पानं काढली, बादल्या घासून घेतल्या, पाण्यात फुलांचं खाद्य घातलं. बाहेरच्या राठ, हिरवट पाकळ्या मात्र सगळ्यांच्या काढल्या नाहीत. त्या प्रवासात आतल्या फुलाचं रक्षण करतात, आणि हस्तिदंती गुलाबावर ती हिरवट छाया पानांशी जुळूनही जाते. गुच्छातल्या फुलांच्या तेवढ्या काढल्या.

निकाल

चार वाजता ऊन खिडक्यांतून तिरकं आत आलं होतं. भिंत, पोशाख आणि टेबलं एका घरातली दिसली. नवरी भिंतीसमोर उभी राहिली तेव्हा रेशीम आणि वेंडेला यांत पायरी उरली नव्हती. रात्री जेवताना कुणाच्या लक्षात आलं नाही की आतली फुलं वेगळी आहेत. काकूंना मी आधी सांगितलं होतं, तरी त्या आत जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, “मला नाही ओळखू येत.”

दोन गोष्टी बिनसल्या. नवऱ्याच्या कोटावरचं फूल सरळ नारिंगी दिसलं. मी त्याला पीच गुलाबाची कळी लावली होती. कळी उमललेल्या फुलापेक्षा गडद, त्यात खाली गडद निळा कोट. निलगिरीबद्दल जे मला नीट ठाऊक होतं, तेच मी कोटाच्या बाबतीत विसरले. कोटाचा तुकडा मागितलाच नव्हता. फिक्या पायरीवरचं उमललेलं स्प्रे गुलाबाचं फूल किंवा लिसियान्थस लावायला हवं होतं. समारंभाआधी दहा मिनिटं ते लक्षात आलं, पण तोवर तो नातेवाइकांच्या गराड्यात होता.

दुसरं म्हणजे आतल्या कमानीपाशी छायाचित्रकाराने फ्लॅश वापरला. फ्लॅशचा उजेड दिवसाच्या उजेडासारखा असतो, त्यामुळे त्या फोटोंत ७ बंचांचा गुलाबीपणा उघडा पडला. फोटो नंतर दुरुस्त झाले. पण छायाचित्रकाराला मी एका वाक्यात आधी सांगू शकले असते.

पुन्हा करायचं झालं तर

नमुना रचना समारंभाच्या वेळेला, त्याच जागी पाहीन, मग कितीही गैरसोय होवो. संध्याकाळी आणखी एकदा. दोन फेऱ्या जमणार नसतील तर दिवसाची फेरी निवडेन, कारण पिवळसर दिवे पीच आणि हस्तिदंती दोघांनाही सांभाळून घेतात, दिवसाचा उजेड घेत नाही.

पहिल्या भेटीत पीचबद्दल बोलूच देणार नाही. आधी पोशाखाची पट्टी, टेबलावरचं कापड, भिंतीचा रंग. हस्तिदंती ठरलं की पीचच्या निम्म्या शक्यता आपोआप गळतात. तीन आठवड्यांचा वाद तासाभरात मिटला असता, कारण पत्रिकेतला बदामी पीच त्या रेशमाशेजारी पाहिला असता तर कुणीच निवडला नसता.

मुख्य पीच जातीचा एक बंच लग्नाच्या आठवडाभर आधी मागवून पाहीन. त्या हंगामात ती जात कशी येतेय हे तेवढ्यावरून कळतं, आणि हातात बदल करायला दिवस राहतात. अंगावर फूल लागणार त्या प्रत्येकाच्या कपड्याचा तुकडा मागेन, नवऱ्यासकट.

आमच्यात एका मुद्द्यावर अजून एकमत नाही. सहकाऱ्याच्या मते ते ७ बंच उरलेल्या ५ बंचांत सारखे मिसळले असते तर पायऱ्या आणखी भरल्या असत्या, आणि फ्लॅशमध्येही कमान वेगळी पडली नसती. त्याने लग्नानंतर उरलेल्या फुलांतून तशी एक रचना करून खिडकीत ठेवली होती. निलगिरी अजिबात न घालता, भरपूर लिसियान्थस मध्ये घेऊन. मी सकाळी पाहिली, दुपारी पाहिली. वाईट नव्हती. गुलाबी आणि नारिंगीच्या मध्ये प्रत्येक ठिकाणी हस्तिदंती फूल आलं होतं, त्यामुळे ते एकमेकांना थेट भिडत नव्हते. पण एका टेबलावर हाताने बसवलेली ती रचना बारा फुटांच्या भिंतीवर, पहाटेपासूनच्या घाईत, तशीच उतरली असती का, यावर आम्ही दोघं अजून वाद घालतो.